वरच्या मजल्यावरचा त्रास: आधी तक्रारी वेगळ्या करा

वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांबद्दल तुम्ही लिहिलेल्या त्रासात तीन तक्रारी आहेत: रात्री साडेअकरानंतर स्पीकर, दिवसभर फर्निचर ओढण्याचा आवाज, आणि सांगायला गेलं की शिवीगाळ नि धमकी. तिन्ही एकाच अर्जात कोंबल्या तर पोलीस ठाण्यात ‘आपसात मिटवा’ एवढंच ऐकायला मिळेल.

स्पीकरची बाजू सर्वांत भक्कम. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. आवाज चालू असतानाच ११२ ला फोन करा. सकाळी ठाण्यात गेलात तर पोलिसांना तपासायला काही उरत नाही, बहुतेक तक्रारी इथेच बारगळतात. मोबाइलच्या डेसिबल अ‍ॅपवर विसंबू नका. वहीत तारीख, सुरू झाल्याची नि थांबल्याची वेळ लिहा आणि छोटं रेकॉर्डिंग ठेवा, तेही स्वतःच्या घरातून. त्यांच्या दारात मोबाइल रोखून उभं राहिलात तर उलटी तक्रार तुमच्यावर.

फर्निचरसाठी पोलीस नकोत. ते हादरे स्लॅबमधून उतरतात, त्यामुळे तुमच्याकडे फॉल्स सीलिंग लावूनही फार फरक पडत नाही. उपाय वरच करावा लागतो: खुर्च्या-टेबलांच्या पायांना फेल्टचे पॅड. खर्च किरकोळ आहे. सेक्रेटरीमार्फत तुम्हीच देऊ केलेत तरी चालेल.

सोसायटीला पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा आरडाओरडा म्हणजे तक्रार नव्हे. वर भाडेकरू असतील तर एक प्रत घरमालकाला द्या. माझ्या मते तिथेच सर्वांत लवकर हालचाल होते.

धमकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ आहे, पण साध्या धमकीची बहुधा एनसीच (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होते. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही, म्हणून लोक निराश होतात. तरी नोंदवाच. ‘धमकी दिली’ असं मोघम नको. बोललेले शब्द जसेच्या तसे लिहायला सांगा आणि प्रत मागून घ्या. दोन-तीन एनसी साठल्या की चॅप्टर केससाठी, म्हणजे शांतता भंग होऊ नये म्हणूनच्या प्रतिबंधक कारवाईसाठी, अर्ज करता येतो. त्यात कार्यकारी दंडाधिकारी शांतता राखण्याचा बाँड लिहून घेऊ शकतात, जास्तीत जास्त एक वर्षाचा. मात्र अशी केस पुष्कळदा दोन्ही बाजूंवर लागते. तेव्हा छताला काठीने ठोकणं आणि उलट शिव्या देणं आजपासून बंद.