क्लिअरमार्कला प्रवेशिका पाठवताना

प्रिय,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या टीमने अमेरिकन क्लायंटचं, म्हणजे तिकडच्या आरोग्यविमा कंपनीचं, दावा नाकारल्याचं पत्र नव्याने लिहिलंय आणि ते क्लिअरमार्क पुरस्कारांना पाठवायचा विचार चाललाय, हे कळल्यावर मनापासून आनंद झाला. पुण्यात बसून तिकडच्या आजारी माणसाच्या हातात पडणारा कागद लिहिणाऱ्यांचं काम सहसा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. म्हणून जरूर पाठव. मात्र प्रवेशिका भरणं हे शेवटच्या आठवड्यात उरकायचं काम नाही. किमान आठ आठवडे हाताशी ठेव. ते कुठे खर्च होतात, ते पुढे सांगते.

प्लेन लँग्वेज, म्हणजे सोप्या आणि स्पष्ट भाषेतल्या लेखनासाठीचे हे पुरस्कार वॉशिंग्टनचं सेंटर फॉर प्लेन लँग्वेज २०१० पासून देतं. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला तिथे सरकारी मजकूर सोप्या भाषेत लिहायला लावणाऱ्या प्लेन रायटिंग ॲक्टवर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. तो कायदा फक्त केंद्र सरकारच्या खात्यांना लागू आहे, खासगी विमा कंपनीला नाही. म्हणजे तुमच्या क्लायंटने हे काम त्या कायद्याच्या धाकाने केलेलं नाही. मग का केलं? फोन फार येत होते म्हणून, अपिलं चुकीच्या पत्त्यावर जात होती म्हणून, की तक्रारी वाढल्या म्हणून? हे खरं कारण शोधून काढ आणि प्रवेशिकेची सुरुवात त्याच्यापासून कर. 'ग्राहकांचा अनुभव उंचावण्यासाठी' असं लिहिलंस तर परीक्षकाला काहीच कळत नाही.

सगळ्यात आधी परवानगी. पत्र क्लायंटचं आहे, त्यामुळे प्रवेशिकाही त्यांच्या नावाने किंवा त्यांच्या लेखी संमतीने जायला हवी. त्यांचा कायदा विभाग आणि जनसंपर्क विभाग दोघांचा होकार लागतो आणि त्यात तीन आठवडे सहज जातात. पहिल्याच दिवशी ईमेल टाक. त्यात तीन गोष्टी स्पष्ट विचार: जुनं पत्र दाखवू का, आकडे सांगू का, आणि निवड झाली तर पत्र जाहीर झालेलं चालेल का. जुनं पत्र दाखवायला कंपन्या कचरतात, कारण ते वाईट असतं. पण तेच दाखवायचं नसेल तर 'आधी आणि नंतर' विभागात जाताच येणार नाही. विभाग आणि पात्रतेचे नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, तेव्हा त्या वर्षीची नियमावली उघडून बस. गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नकोस.

नमुना पत्रात खऱ्या सभासदाचं, म्हणजे विमाधारकाचं नाव, सभासद क्रमांक, डॉक्टरचं नाव, आजार, काहीही राहता कामा नये. काळ्या पट्ट्या मारून चालत नाही. पीडीएफवर मारलेल्या पट्टीखालचा मजकूर पुष्कळदा तसाच असतो आणि कॉपी करून वाचता येतो. शिवाय पट्ट्यांनी पत्राची मांडणीच बिघडते. काल्पनिक नाव आणि काल्पनिक तारखा घालून पत्र सिस्टिममधूनच पुन्हा काढ.

आता मुख्य मुद्दा. परीक्षकांपुढे अशा कागदांचा ढीग असतो आणि त्यांतले बहुतेक सोप्या शब्दांत लिहिलेले असतात. लहान वाक्यं, 'तुम्ही' असं संबोधन, मथळे, गोळ्या टाकून केलेल्या याद्या, एवढं आता सगळेच करतात. फरक पडतो तो पत्र वाचून माणसाला पुढचं पाऊल उचलता येतं का, यावर. प्लेन लँग्वेजचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ २४४९५-१, जून २०२३ मध्ये आलं. त्यात चार तत्त्वं आहेत: वाचकाला हवं ते त्यात असावं, ते सहज सापडावं, कळावं आणि वापरता यावं. शब्द सोपे करणं हे या चारांपैकी एकाच तत्त्वाचं काम, तेही अर्धंच. बाकीच्या तिन्हींवर लोकांची प्रवेशिका लंगडी पडते.

दावा नाकारल्याच्या पत्रात वाचकाला चार गोष्टी हव्या असतात: काय नाकारलं, का नाकारलं, आता मी काय करू, आणि कधीपर्यंत. जुन्या पत्रात या चार गोष्टी कुठे आहेत ते पेन्सिलीने खूण करून बघ. अपिलाची मुदत बहुतेक तिसऱ्या-चौथ्या पानावर, कायदेशीर सूचनांच्या गर्दीत सापडेल. सुरुवातीचं वाक्य मराठीत आणलं तर साधारण असं दिसेल:

'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आपण सादर केलेल्या दाव्यासंबंधी आवश्यक ती कागदपत्रे अप्राप्त असल्याकारणाने सदर दाव्याचा विचार करणे शक्य झालेले नाही.'

यात एकही शब्द अनोळखी नाही. तरीही वाचणाऱ्याला कोणता दावा ते कळत नाही, कोणता कागद ते कळत नाही, तो कुणी पाठवायचा तेही कळत नाही. आता हे बघ:

'३ मार्चच्या तुमच्या एमआरआयचे पैसे आम्ही दिलेले नाहीत. हा एमआरआय का लागला, हे सांगणारी डॉक्टरांची टिपणं आम्हाला मिळाली नाहीत. डॉक्टरांच्या कार्यालयाला ती आमच्याकडे फॅक्स करायला सांगा. आमचा निर्णय चुकीचा वाटत असेल तर तुम्ही १४ सप्टेंबरपर्यंत अपील करू शकता. कसं, ते पान २ वर आहे.'

हे एका वाक्याच्या जागी पाच वाक्यांचं झालं, लांब झालं, आणि चांगलं झालं. सोपं म्हणजे छोटं या समजुतीपायी लोक नेमका कामाचा तपशील कापतात.

या तारखेपाशी जरा थांब, कारण इथे चांगल्या टीमही अडखळतात. अमेरिकेत आरोग्यविम्याच्या अशा निर्णयावर कंपनीकडे अपील करायला साधारणपणे १८० दिवस मिळतात. ते पत्रावरच्या तारखेपासून नव्हे, सूचना मिळाल्यापासून मोजतात. वाचकाला दिवस मोजायला न लावता थेट तारीख द्यायची हे बरोबरच. पण सिस्टिमने पत्र छापल्याच्या दिवसापासून १८० मोजून तारीख टाकली, तर टपालात गेलेले दिवस वाचकाच्या वाट्यातून कापले जातात. सोपं केलं आणि हक्क कमी केला, असं व्हायला नको. टपालासाठी किती दिवस धरायचे ते क्लायंटच्या कायदा विभागाकडून लेखी ठरवून घे आणि प्रवेशिकेत एका ओळीत तसं सांग. जाणकार परीक्षक हेच तपासतो.

त्याच पत्रात काही परिच्छेद नियमानेच ठरवून दिलेले असतात: इतर भाषांतली मदतीची सूचना, भेदभावविरोधी निवेदन वगैरे. ते तुम्हाला बदलता येत नाहीत. पण परीक्षकाला ते कसं कळणार? स्पष्ट सांग, की अमुक पानावरचा अमुक मजकूर बंधनकारक आहे, तो आम्ही बदललेला नाही, फक्त तो शेवटी नेला आणि त्याला मथळा दिला. हे न सांगितल्यामुळे दुसऱ्याच्या क्लिष्ट वाक्यांचे गुण तुमचे कापले जातात.

आता चाचणी. आठांपैकी चार आठवडे यालाच लागतील. इथे टाळाटाळ केलेली लगेच उघडी पडते.

सहा वाचक घे. सहकारी नकोत, क्लायंटचे कर्मचारी नकोत, आणि आपल्या इथले मित्रमैत्रिणी तर नकोतच. तुझा वाचक तिकडचा सभासद आहे. क्लायंटकडे सभासदांचं सल्लागार मंडळ असेल तर त्यांच्यामार्फत, नाहीतर ग्राहक सेवा विभागामार्फत माणसं मिळव. व्हिडिओ कॉल चालेल, पण पत्र आदल्या दिवशी छापील पोचेल असं बघ. खऱ्या आयुष्यात ते पाकिटातूनच येतं. प्रत्येकाशी एकट्याने बोल. 'हे पत्र आज तुमच्या घरी आलंय असं समजा' एवढंच सांग आणि गप्प बस. वाचून झालं की विचार: काय झालंय? तुम्ही आता काय कराल? कधीपर्यंत? कुणाला फोन कराल? 'समजलं का?' हे चुकूनही विचारू नकोस. सगळे हो म्हणतात, आणि मोठ्या माणसाला अवघडल्यासारखं होतं ते वेगळंच.

त्यांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत उतरवून घे. समज, सहापैकी चार जण म्हणाले, 'म्हणजे मला पैसे भरायचे आहेत का?' तर चूक पत्राची आहे. रक्कम देणं लागतं की नाही हे पत्रात वरच लिहायला हवं होतं. ते दुरुस्त कर आणि नव्या सहा जणांवर पुन्हा चाचणी घे. प्रवेशिकेत दोन्ही फेऱ्या सांग. पहिल्या फेरीत काय फसलं ते लपवू नकोस. पहिल्या झटक्यात सगळं जमलं असं लिहिणाऱ्यावर अनुभवी परीक्षकाचा विश्वास बसत नाही. चाचणीनंतर पत्रात नेमकं काय बदललं, हा प्रवेशिकेतला सगळ्यात वजनदार परिच्छेद असतो.

वाचनपातळीच्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नकोस. मजकूर कितव्या इयत्तेच्या वाचकाला झेपेल हे सांगणारं फ्लेश-किंकेडचं सूत्र वाक्यात शब्द किती आणि शब्दात उच्चाराचे अवयव (सिलेबल) किती, एवढंच मोजतं. वाक्यातल्या शब्दांची उलटापालट करून निरर्थक वाक्य केलंस तरी गुण तेवढेच येतात. अकरावीवरून सातवीवर आणलं, हे सांगायला हरकत नाही. पण तो पुरावा म्हणून नको, एक नोंद म्हणून एका वाक्यात सांग.

खरा पुरावा वाचकांच्या वागण्यातून मिळतो. अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाचं एक जुनं उदाहरण या क्षेत्रात सगळे देतात. मिसिसिपीतल्या जॅक्सनच्या कार्यालयाने एक पत्र पुन्हा लिहिलं. आधीची ७५० पत्रं गेली तेव्हा १,१२८ फोन आले होते, नवी ७१० गेली तेव्हा १९२. हा दाखला इतका टिकला, कारण फोनच्या आकड्यासोबत पत्रांचा आकडाही दिलाय. नुसतं 'फोन १,१२८ वरून १९२ वर आले' म्हटलं असतं तर कुणीही विचारलं असतं, पत्रंच कमी गेली असतील. तू पण दोन्ही आकडे दे, आणि तेवढ्याच काळाचे दे. जानेवारीत अमेरिकेत विम्याचं नवं वर्ष सुरू होतं, तेव्हा फोन एरवीही वाढतात. जानेवारीची मार्चशी तुलना केलीस तर आकडा फुगतो. आकडे अजून आलेच नसतील तर तसं सरळ लिही आणि चाचणीच्या निष्कर्षांवर भर दे.

प्रवेशिकेचं निवेदनही सोप्या भाषेतच हवं, हे वेगळं सांगायला नको, पण इथेच नेमकी ढिलाई होते. वाचक कोण, त्याने काय करावं अशी अपेक्षा होती, काय बदललं आणि का, चाचणी कशी घेतली, काय निष्पन्न झालं, या क्रमाने जा. शब्दमर्यादा असेल तर तिच्या दहा टक्के आत राहा. कायदा विभागातल्या ज्या माणसाने तुमच्यासोबत बसून वाक्यं सोडवली त्याचं आणि डिझायनरचं नाव श्रेयात घालायला विसरू नकोस. अशी पत्रं एकट्या लेखकाच्या हातून होत नाहीत.

पाठवायच्या आदल्या आठवड्यात पत्र काळ्या-पांढऱ्यात छाप, सभासदाला मिळतं तशी घडी घाल आणि पाकिटाच्या खिडकीतून पत्ता दिसतो का बघ. रंगीत चौकटीत टाकलेली तारीख राखाडीत बुडते. पीडीएफ स्क्रीन रीडरवर, म्हणजे न दिसणाऱ्यांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकून बघ. मथळ्यांना टॅग नसतील तर ऐकणाऱ्याला सगळं एका दमात येतं आणि तुझी मांडणी वाया जाते.

प्रवेश शुल्क क्लायंट भरणार की तुमची कंपनी, हे परवानगीच्या ईमेलमध्येच ठरवून टाक. परदेशी पेमेंटला आपल्या अकाउंट्स विभागात वेळ लागतो.

आणखी एक. भारतातही आता असं काम वाढतंय. १ जानेवारी २०२४ पासून आरोग्यविम्याच्या पॉलिसीसोबत सोप्या भाषेतलं माहितीपत्रक ठरावीक नमुन्यात द्यावं लागतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसोबत कर्जदाराला कळेल अशा भाषेत 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' देणं बंधनकारक झालं. यांतली मराठी पत्रकं मिळवून वाच. चाचणीची हीच पद्धत त्यांनाही लागू पडते, आणि त्यासाठी वाचक तुला शेजारच्या घरातच मिळतील.

निवेदनाचा कच्चा मसुदा झाला की पाठव. सोबत जुनं पत्र आणि पहिल्या फेरीची टिपणं जोड. ती नसतील तर मला नुसता मसुदा बघून काही सांगता येणार नाही.

कळावे. लोभ असावा.

ता. क. : फायलींची नावं 'फायनल', 'फायनल-२' अशी नकोत. 'जुने-पत्र', 'नवे-पत्र', 'चाचणी-नोंदी' अशा अर्थाची इंग्रजी नावं दे. परीक्षकाने एकाच वेळी तिन्ही उघडली तरी कोणतं काय ते त्याला लगेच दिसलं पाहिजे.