पत्राच्या मागच्या बाजूच्या चार ओळी

सप्रेम नमस्कार,

मिरजेहून पाठवलेले आपले साडेतीन पानी पत्र मिळाले. आपली मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेतून ७१ टक्के गुणांनी उत्तीर्ण झाली असून गेली नऊ वर्षे ती गुरुजींकडे हिंदुस्थानी पद्धतीचे व्हायोलिन शिकत आहे. दोन वर्षांपूर्वी आपण तिला मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया या पाश्चात्त्य संगीत वाजवणाऱ्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम ऐकायला नेले आणि परतीच्या गाडीतच आपले ठरले, की मुलीने याच ‘राष्ट्रीय वाद्यवृंदात’ जायचे आणि देशाची सांस्कृतिक प्रतिनिधी म्हणून परदेशांत वाजवायचे. त्यासाठी आपण तिचा पदवीचा प्रवेश थांबवला आहे, रोज सात तासांचा रियाज लावून दिला आहे आणि आता आपला प्रश्न आहे, की दोन वर्षांत तेथे निवड व्हावी यासाठी कोणती परीक्षा द्यावी लागते.

उत्तर देण्याआधी आपल्याच पत्रातल्या एका वाक्यापाशी मला थांबणे भाग आहे. तिसऱ्या पानावर आपण लिहिले आहे, ‘अलीकडे मनगट दुखते असे सांगून ती रियाज टाळते.’ त्यातले ‘असे सांगून’ हे शब्द मला फार खटकले. मूल दुखते म्हणून थांबते, असे लिहिणे वेगळे आणि दुखते असे सांगून टाळते, असे लिहिणे वेगळे. दुसऱ्या वाक्यात आपण तिच्यावर अविश्वास नोंदवून मोकळे झाला आहात. व्हायोलिनवादकाचे डावे मनगट वळलेले राहते आणि उजवे मनगट गजाबरोबर तासन् तास त्याच मार्गाने फिरत असते. रोजचा रियाज एकदम दुप्पट केला तर स्नायू आणि त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा सुजतात, आणि त्या दुखण्यावर रियाज रेटला तर काही वादकांना वाद्य कायमचे खाली ठेवावे लागते. तिला या आठवड्यातच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, त्यांच्या सल्ल्याने फिजिओथेरपी सुरू करा आणि तोवर रियाज पूर्ण थांबवा. पुढचे सगळे उत्तर या तपासणीनंतरच कामाचे आहे. तिचे गुण चांगले आहेत, त्यांची चिंता नाही. माझी चिंता हीच आहे.

मला दुसरी गोष्ट खटकली ती अशी, की साडेतीन पानांत ‘आम्ही ठरवले’, ‘आम्ही थांबवले’, ‘आमचे स्वप्न आहे’ हे पुन्हा पुन्हा येते, पण ती स्वतः काय म्हणते याचे एकही वाक्य नाही. आपले प्रेम खरे आहे याबद्दल मला शंका नाही. नऊ वर्षे मुलीला क्लासला नेणे-आणणे, वाद्य घेऊन देणे, तिच्यासाठी मुंबईचा प्रवास करणे हे प्रेमाशिवाय कोणी करत नाही. पण वर्ष वाया घालवण्याचा निर्णय जिच्या आयुष्याचा आहे तिला न विचारता घेणे चूक आहे, आणि ते मी स्पष्टच सांगते. तिने कदाचित पाकीट बंद करण्याआधी शेवटच्या पानाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने चार ओळी लिहिल्या आहेत आणि खाली ‘हे बाबांना सांगितले तरी चालेल’ असेही लिहिले आहे, म्हणूनच त्या येथे देते: ‘मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या सतारमेकर काकांकडे एका जुन्या व्हायोलिनची सुटलेली पाठ आम्ही दोघांनी परत बसवली. दुसऱ्या दिवशी तारा चढवल्यावर त्याचा आवाज ऐकून मला रडू आले. या कामाचे शिक्षण कुठे मिळते का?’

या ओळींकडे मी परत येणार आहे. आधी आपल्या मनातला एक मोठा गैरसमज दूर करायला हवा, कारण सगळी योजना त्यावरच उभी आहे. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हे सरकारी खाते नाही. एनसीपीए ही संस्था जमशेद भाभा आणि जेआरडी टाटा यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये उभी राहिली. तेथे २००६ मध्ये संस्थेचे खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव्ह यांनी हा वाद्यवृंद सुरू केला. नावात ‘इंडिया’ असले तरी येथे मंत्रालयाची पदे, वेतनश्रेणी, निवृत्तिवेतन किंवा आयोगाची परीक्षा यांतले काहीही नाही. सनटूक यांनी बिसेंगालिएव्ह यांना लंडनमध्ये त्यांच्या कझाक वाद्यवृंदासह ऐकले आणि त्या ओळखीतून हे काम वाढले. त्यामुळे आपण ज्यांना रंगमंचावर पाहिले त्यांत कझाकस्तानातून आणि अन्य देशांतून आलेले वादक बरेच होते. फेब्रुवारी आणि सप्टेंबर या दोन हंगामांसाठी पूर्ण ताफा जमतो आणि मुंबईत कायम राहून वाजवणारे व शिकवणारे भारतीय वादक त्या मानाने थोडे आहेत. निवड वाजवून दाखवूनच होते. सरकारी चौकटीतला वाद्यवृंद म्हणून आपल्याकडे खऱ्या अर्थाने नाव घ्यायचे ते आकाशवाणी वाद्यवृंदाचे, जो १९५२ मध्ये सुरू झाला आणि ज्याचे संचालन सुरुवातीला पंडित रविशंकर आणि पुढे पन्नालाल घोष यांनी केले. पण तेथील वादन भारतीय संगीताचे आहे, आणि तेथील कायम नोकरीच्या भरवशावर आज कोणीही मुलीचे शिक्षण थांबवू नये.

सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणजे प्रतिनिधीचे पद मिळवून विमानात बसणे, असे आपल्या पत्रातून जाणवते. या विषयातली दोन उदाहरणे मला फार जवळची वाटतात. अमेरिकेत वॉशिंग्टनचा नॅशनल सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे. रशियन चेलोवादक म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच १९७४ मध्ये सोव्हिएत संघ सोडून गेले, १९७८ मध्ये त्यांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले, आणि या काळात ते वॉशिंग्टनच्या त्या वाद्यवृंदाचे संगीत दिग्दर्शक होते. १९९० च्या फेब्रुवारीत ते त्याच अमेरिकी वाद्यवृंदाला घेऊन मॉस्को आणि लेनिनग्राडला परतले, आणि १९९३ च्या सप्टेंबरात त्यांनी रेड स्क्वेअरमध्ये खुल्या आकाशाखाली कार्यक्रम केला. त्या दौऱ्यात मागच्या रांगेत बसलेल्या वादकाने कोणतेही भाषण केले नाही. त्याने आपली ओळ शेजाऱ्याच्या गजाबरोबर गज ठेवून बिनचूक वाजवली. दुसरे उदाहरण आपल्या घराजवळचे आहे. उस्ताद झाकिर हुसेन यांनी एनसीपीएच्या विनंतीवरून तबला आणि वाद्यवृंद यांच्यासाठी ‘पेशकार’ ही रचना केली, ती २०१५ मध्ये मुंबईत प्रथम सादर झाली आणि २०१९ मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाबरोबर ब्रिटनच्या दौऱ्यात वाजली. वाद्यवृंद कागदावर लिहिलेले वाजवतो, तबलिया त्या क्षणी सुचलेलेही वाजवतो. दोघांनी कुठे एकमेकांसाठी थांबायचे आणि कुठे समेवर एकत्र यायचे, हे ठरवण्यात खरी देवाणघेवाण घडते. ती करू शकणाऱ्या माणसाला आपले स्वतःचे संगीत मुळापासून येत असते.

म्हणूनच आपल्या मुलीची नऊ वर्षांची साधना पुसून तिला दोन वर्षांत पाश्चात्त्य वाद्यवृंदात बसवण्याची कल्पना मला पटत नाही. वाद्य एकच असले तरी विद्या दोन आहेत. आपली मुलगी मांडी घालून बसते, वाद्याचे टोक पायाच्या घोट्याजवळ टेकवते, तारा सा-प-सा-प अशा लावते आणि मींड-गमक घेत, म्हणजे सूर एकमेकांत ओढत आणि आंदोलत, रागाचा विस्तार करते; वाद्यवृंदातला वादक खुर्चीवर बसून हनुवटीखाली वाद्य धरतो, त्याच्या चार तारांचे सूर ठरलेले असतात, आणि समोरच्या स्टाफ नोटेशनमधले, म्हणजे पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीतले, तो पहिल्याच नजरेत वाजवतो. हे वाचन लहानपणीच अंगात मुरावे लागते. गोव्याचे वादक मुंबईच्या चित्रपटसंगीताचा कणा झाले त्याचे एक मोठे कारण हेच, की तेथील चर्चच्या शाळांत मेस्त्र म्हणजे संगीतशिक्षक मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरलिपीही शिकवत. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत भारतीय रागांवर आधारलेल्या रचनांसाठी मोठा वाद्यवृंद उभा केला, तो अशा वादकांच्या बळावर. जगप्रसिद्ध वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहता यांच्या घरात तर त्यांचे वडील मेहली मेहता यांनीच मुंबईत वाद्यवृंद बांधला होता, आणि तरीही १९५४ मध्ये झुबिन व्हिएन्नाला शिकायला गेले. वयाच्या अठराव्या वर्षी नवी बैठक आणि नवी लिपी शिकणे अशक्य नाही, पण त्याला दोन वर्षे पुरत नाहीत, आणि दुखऱ्या मनगटाने तर ते मुळीच करू नये.

परीक्षांचे विचारता म्हणून एवढेच सांगते, की पाश्चात्त्य वादनासाठी ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या पहिली ते आठवी श्रेणीच्या परीक्षा आहेत, आणि आपल्या पद्धतीसाठी गांधर्व महाविद्यालयाची विशारद परीक्षा तिला लवकरच देता येईल. तिला वादनातच पुढे जायचे असेल तर विष्णु गोविंद जोग, गजाननबुवा जोशी, डी. के. दातार यांनी घडवलेली हिंदुस्थानी व्हायोलिनची वाट तिच्या पायाखाली आहेच, आणि तीही परदेशी जाते. १९५० मध्ये स्थापन झालेली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद आपल्या यादीवरील कलावंतांना बाहेर पाठवते आणि परदेशांतील भारतीय केंद्रांत संगीत शिक्षकही नेमते.

पण तिने विचारले आहे ते वेगळेच, आणि माझ्या मते आपल्या घरातला सर्वात चांगला प्रश्न तोच आहे. आपण पत्रात ओझरते लिहिता की ती ‘वेळ मिळाला की सतारमेकरांच्या दुकानात जाऊन बसते, तेथे मुलीचे काय काम’. मिरजेच्या माणसाने हे लिहावे याचे मला वाईट वाटले. फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून चालत आलेल्या या कारागिरीमुळे आपल्या गावाचे नाव गवय्यांच्या घराघरांत आहे. सतारीसाठीचा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तो चिरून वाळवणे, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर जवारी म्हणजे तारेचा गुंजणारा नाद काढताना कारागिराचा कान किती सूक्ष्म लागतो, हे आपण दारातच पाहत असाल. वाद्यवृंदातील साठ-सत्तर तंतुवाद्यांनाही अशीच माणसे लागतात. मुंबईच्या दमट हवेत लाकूड फुगते, सांधे सुटतात, खुंट्या अडकतात, गजाचे केस बदलावे लागतात, आणि हे नीट करणारे हात आपल्याकडे फार कमी आहेत.

तिने ज्या व्हायोलिनची पाठ बसवली त्याचे उदाहरण घ्या. व्हायोलिनच्या पाट्या गरम सरसाने (प्राण्यांपासून केलेल्या डिंकासारख्या पदार्थाने) चिकटवलेल्या असतात, कारण सरस सुटू शकतो. लाकडावर ताण आला की आधी सांधा उघडतो आणि लाकूड वाचते. तेथे कोणी फेविकॉल लावला तर पुढच्या वेळी सांध्याऐवजी पाटीच तडकते. आत घोडीच्या एका पायाजवळ, दोन पाट्यांच्या मध्ये, एक बारीक काठी नुसत्या दाबाने उभी असते, आणि तिला इटालियन कारागीर ‘आनिमा’ म्हणजे आत्मा म्हणतात. ती केसभर सरकली तरी वाद्याचा आवाज बदलतो. ती कुठे उभी करायची, हे ज्याला सूर कळतो अशा माणसालाच चांगले ठरवता येते. नऊ वर्षे रागांत भिजलेला कान या कामात भांडवल आहे.

या विद्येच्या शाळाही जुन्या आणि मान्यवर आहेत. जर्मनीत मिटेनवाल्डची शाळा १८५८ पासून आहे, इटलीत क्रेमोनाची १९३८ पासून आणि इंग्लंडमध्ये न्यूअर्कची १९७२ पासून. क्रेमोनाच्या व्हायोलिन बनवण्याच्या परंपरेला युनेस्कोने २०१२ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. क्रेमोनात इटालियन यावी लागते, खर्चही मोठा आहे, त्यामुळे उद्याच अर्ज करा असे मी म्हणणार नाही. आपण तिचा पदवीचा प्रवेश पूर्ववत करा. भौतिकशास्त्र तिला आवडत असेल तर ध्वनिशास्त्राचा पाया तेथेच मिळेल, नाहीतर तिला जो विषय हवा तो घेऊ द्या. मनगट बरे झाल्यावर आणि डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर ती दुपारी सतारमेकरांकडे बसू दे, पण आता आपल्या परवानगीने आणि त्यांना मानधन देऊन, रीतसर शिष्य म्हणून. पटाशी धरणे, धार लावणे, लाकडाचा कल ओळखणे हे दोन वर्षांत मिरजेत जेवढे शिकता येईल तेवढे अन्यत्र क्वचितच शिकता येईल. त्यानंतरही आवड टिकली तर परदेशी शाळेचे, शिष्यवृत्तीचे आणि भाषेचे आपण एकत्र बसून पाहू. तिला कदाचित सुतारकामाचा कंटाळा येईल आणि ती परत वादनाकडे वळेल. तसे झाले तरी तिचा वेळ फुकट जाणार नाही, कारण आपल्या वाद्याची दुरुस्ती येणारा वादक कोणत्याही गुरूला हवाच असतो.

आपल्या मनातले परदेशी रंगमंचाचे चित्र मला समजते आणि त्यामागचा अभिमानही समजतो. मात्र ते चित्र तिच्यावर लादण्यापूर्वी एकदा तिच्याबरोबर त्या दुकानात जाऊन अर्धा तास बसा आणि बोलू नका. पुढचे पत्र तिने लिहावे, अशी माझी विनंती आहे. मनगटाबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते त्यात असावे, आणि त्या व्हायोलिनची पाठ पावसाळ्यात धरून राहिली की पुन्हा सुटली, तेही तिने कळवावे.

आपली हितचिंतक