लठ्ठ टोनी की जाड्या टोनी?

प्रश्न असा आला आहे: "‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकी कार्टून मालिकेतल्या काही भागांची मराठी उपशीर्षके मी हौस म्हणून करतो आहे. त्यात फॅट टोनी नावाचा एक गुंडांचा म्होरक्या आहे. ‘जाड्या टोनी’ लिहिले तर शाळेतल्या पोराला हाक मारल्यासारखे वाटते, ‘लठ्ठ टोनी’ पुस्तकी वाटते. आणि त्याला डॉन म्हणू, माफिया म्हणू, की टोळीप्रमुख?"

प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. आधी टोनीची ओळख, कारण उत्तर त्याच्या कुंडलीत आहे.

हा गृहस्थ पहिल्यांदा दिसला १९९१ च्या ऑक्टोबरात, मालिकेच्या तिसऱ्या हंगामात. बार्ट सिम्प्सन हा दहा वर्षांचा उपद्व्यापी मुलगा एका तळघराच्या पायऱ्यांवरून गडगडत खाली जातो आणि थेट टोनीच्या अड्ड्यात पोहोचतो. तिथे त्याला मद्याचे पेले भरून द्यायची नोकरी लागते. टोनी सावकाश, घोगऱ्या आवाजात, अतिशय अदबीने बोलतो. धमकीसुद्धा अशी देतो की ऐकणाऱ्याला वाटावे, वधूपक्षाकडून निरोप आलाय. आवाज जो मँटेन्या या नटाचा. हाच नट १९९० च्या ‘द गॉडफादर : भाग ३’मध्ये खराखुरा, म्हणजे सिनेमातला खरा, माफिया झाला होता. दिमतीला लेग्ज आणि लुई हे दोन पंटर. पूर्ण नाव मॅरियन अँथनी डि'अमिको.

अँथनीचे लाडके रूप टोनी. ते आपल्याला परके नाही, गोव्यात आंतोन आणि टोनी घरोघर आहेत. अडचण आहे ती ‘फॅट’ची.

मराठीत माणसाच्या अंगावरून नाव पाडायचे तर आपला हात आपोआप ‘-या’कडे जातो. जाड्या, काळ्या, लंगड्या, टकल्या, ढेरपोट्या. या ‘-या’त जवळीक असते आणि पाणउताराही असतो. दोन्हीत एक गोष्ट समान: बोलणारा ज्याच्याविषयी बोलतो त्याच्या बरोबरीचा किंवा वरचा असतो. आई मुलाला, मित्र मित्राला, फौजदार आरोपीला ‘-या’ लावील. नोकर मालकाला लावणार नाही. मन्या सुर्वेचे नाव कोणी पुढे करील, पण तिथे ‘मनोहर’चे ‘मन्या’ झाले आहे. नाव आखडणे वेगळे आणि देहावर बोट ठेवणे वेगळे. लेग्ज-लुईच्या तोंडी ‘जाड्या टोनी’ घातलेत तर प्रेक्षकाला वाटेल की टोळीत बंड झाले.

इंग्रजीत मात्र ‘फॅट टोनी’ म्हणताना लेग्ज-लुईला काहीच वावगे वाटत नाही. अमेरिकेतल्या इटालियन टोळ्यांत टोपणनाव ही टिंगल नव्हे, ती खूण. एका मोहल्ल्यात पाच अँथनी, सगळे टोनी. मग कोणता टोनी? मालिकेतलेच पाहा. बार्टचा बाप होमर सिम्प्सन याचे पोट टोनीपेक्षा कमी नाही आणि पोलीसप्रमुख विगम तर दोघांना झाकून टाकील, पण मालिका ज्या गावात घडते त्या स्प्रिंगफील्डमध्ये कोणी ‘फॅट होमर’ म्हणत नाही. म्हणजे ‘फॅट’ हे इथे वजनाचे वर्णन उरलेलेच नाही.

प्रत्यक्षातही एक फॅट टोनी होऊन गेला. न्यूयॉर्कच्या जेनोव्हीज टोळीचा अँथनी सालेर्नो. डोक्यावर हॅट, तोंडात सिगार, हातात काठी. १९८६ मध्ये ‘फॉर्च्यून’ या उद्योगजगताच्या नियतकालिकाने माफिया म्होरक्यांची क्रमवारी छापली होती, त्यात हा पहिला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गाजलेल्या माफिया खटल्यात तो दोषी ठरला आणि पुढे शंभर वर्षांची शिक्षा झाली. १९९२ मध्ये तो तुरुंगाच्या इस्पितळात वारला. ते इस्पितळ मिसुरी राज्यातल्या ज्या गावात आहे त्याचे नाव स्प्रिंगफील्ड. कार्टूनवाल्यांनी हे जुळवून आणलेले नाही, स्प्रिंगफील्ड नावाची गावे अमेरिकेत ढिगाने आहेत. पण योगायोगाला चव आहे.

त्याच खटल्यात आणखी एक टोनी होता, अँथनी कोरालो, ऊर्फ ‘टोनी डक्स’. भाषांतराची घाई झालेला माणूस इथे ‘बदक्या टोनी’ लिहून मोकळा होईल. हे ‘डक’ बदक नव्हे, हुलकावणी देणे. कोर्टाची समन्से आणि शिक्षा चुकवण्यात तो वाकबगार, म्हणून डक्स. मराठीत ‘चुकव्या टोनी’ झाला असता. आणि सालेर्नोच्याच टोळीतला व्हिन्सेंट ‘द चिन’ जिगांते हा हनुवटीमुळे ‘चिन’ नव्हता. त्याची आई इटालियनमध्ये ‘विन्चेन्झो’चे जे लाडके रूप उच्चारायची, त्यातून ‘चिन’ उरले असे सांगतात. तेव्हा पहिला नियम: टोपणनावाचे भाषांतर करण्याआधी ते विशेषण आहे की विशेषणाच्या कपड्यातले आणखी काही, हे तपासा.

मराठीत हे तपासायची एक सुरेख कसोटी आहे, आणि ती आपण रोज नकळत वापरतो. ‘छोटा’ हे विकारी विशेषण. छोटा मुलगा, पण छोट्या मुलाला. मग वर्तमानपत्रे काय छापतात? ‘छोटा राजनला जन्मठेप’. २०१८ मध्ये पत्रकार ज्योतिर्मय डे यांच्या खुनाच्या खटल्याचा निकाल लागला तेव्हाचे अंक काढून बघा. ‘छोट्या राजनला’ असे छापले असते तर आपल्याला राजन नावाचे बालवाडीतले मूल डोळ्यांपुढे आले असते. विशेषण नावात मुरले की ते विभक्तीपुढे वाकत नाही. लालबागजवळच्या काळाचौकीचेही तेच. चौकी स्त्रीलिंगी, तरी ‘काळी’ नाही, आणि राहणारा ‘काळाचौकीला’ राहतो. उलट इतिहासात ‘थोरले बाजीराव’ आहेत, पण आपण ‘थोरल्या बाजीरावांनी’ म्हणतो. तिथे ‘थोरले’ अजून जिवंत विशेषण आहे. धाकटे बाजीराव शेजारी उभे असल्यामुळे ते जिवंत राहिले आहे.

(छोटा राजनच्या आधी बडा राजन होता. मराठी नियमाने ‘बड्या राजनचा’ व्हायला हवे, पण होत नाही, ‘बडा राजनचा’च होते. आणि आकाराशी संबंध नसलेली, हुद्द्यासारखी चालत येणारी ही नावे फॅट टोनीच्या फार जवळची आहेत. ते पुढे येईलच.)

आता ‘जाडा’ घ्या. कर्त्याच्या जागी ‘जाडा टोनी आला’ ठीक. पण उपशीर्षकात टोनीला, टोनीने, टोनीचा हे सतत येणार, आणि ‘जाड्या टोनीला’ म्हटले की सामान्यरूपातले ‘जाड्या’ आणि चिडवण्यातले ‘जाड्या’ एकरूप होतात. तुम्हाला जे खटकले त्याचे मूळ इथे आहे. ‘जाडा टोनीला’ असे न वाकवता लिहिता येईल, पण ते अंगवळणी पडायला दहा-बारा भाग जातील. ‘जाड टोनी’ वाकत नाही, मात्र ‘जाड’ पहिल्यांदा वस्तूंना लागते. जाड भाकरी, जाड भिंगाचा चष्मा, जाड पुठ्ठा.

माझे मत ‘लठ्ठ’ला. लठ्ठ अविकारी आहे, म्हणून ‘लठ्ठ टोनीला’ लिहिताना काही बदलत नाही आणि ते पहिल्या दिवसापासून नावासारखे दिसते. दुसरे, ‘-या’ नसल्यामुळे पाणउतारा नाही. आणि तिसरे, मला सगळ्यांत आवडणारे: लठ्ठला पैशाचा वास आहे. लठ्ठ पगार, लठ्ठ हुंडा, गलेलठ्ठ भांडवलदार. वंगण लावल्याशिवाय ज्याच्या गावातले एकही चाक फिरत नाही अशा माणसाला हा शब्द शोभतो. पुस्तकी वाटतो म्हणता, तर वाटू दे. टोनी स्वतः पुस्तकीच बोलतो, आणि गुंडाच्या तोंडी ती शुद्ध भाषा हाच तर विनोद आहे.

आता तुमची खरी परीक्षा. २०१० च्या एका भागात फॅट टोनी हृदयविकाराने मरतो. गादीवर येतो त्याचा कसलेल्या शरीराचा भाऊ, ‘फिट टोनी’. धंद्याच्या ताणाने तोही खात सुटतो, तेव्हा लोक त्याला ‘फिट-फॅट टोनी’ म्हणू लागतात आणि शेवटी नुसतेच ‘फॅट टोनी’. एका स्वराचा खेळ आहे, आणि त्या खेळात नाव पदवीसारखे चालत येते. ‘सडपातळ टोनी’ लिहिलेत तर सगळे पाणी. ‘धट्टा टोनी’ घ्या, धट्टाकट्टामधला. मग ‘धट्टा-लठ्ठ टोनी’, मग ‘लठ्ठ टोनी’. ट्ट आणि ठ्ठ एकमेकांना टाळी देतात. ‘धट्टा’ विकारी आहे, पण छोटा राजनच्या नियमाने ‘धट्टा टोनीला’ असेच ठेवा. मला आधी ‘पोट सुटलेला टोनी’ आणि ‘सुटसुटीत टोनी’ सुचले होते. त्यात ‘पुराव्याअभावी सुटलेला’ हाही अर्थ बसतो म्हणून मी दोन दिवस खूश होतो. पडद्यावर एका ओळीत मावत नाही म्हणून सोडून दिले.

राहिला हुद्दा. ‘मॉब’चे जमाव करू नका, हे सांगायला नको. इंग्रजीत तो शब्द ‘चंचल जमाव’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दजोडीतून सतराव्या शतकात कापून काढला आणि मग चोरांच्या टोळीपर्यंत घसरला. आपल्याकडे मात्र ‘मॉब’ अजून रस्त्यावरच आहे. ‘माफिया’ मराठीत आल्यावर एकेकट्या माणसाला आणि धंद्याला चिकटला. वाळूमाफिया, टँकरमाफिया, भूमाफिया. मूळ इटालियनमध्ये माफिया म्हणजे संघटना, एक माणूस ‘माफिओसो’. मराठीत हा अर्थ रुळला आहे आणि माझी तक्रार नाही, पण टोनीला ‘माफिया’ म्हटले की तो रात्री नदीपात्रात डंपर घेऊन जाईल असे वाटते.

‘डॉन’ची गंमत जास्त. आपल्याकडे तो घरोघर गेला १९७८ च्या अमिताभ बच्चनच्या चित्रपटाने, आणि तेव्हापासून मराठीत डॉन म्हणजे गुंडांचा राजा. दक्षिण इटलीत ‘डॉन’ हा साधा आदराचा शब्द. पाद्र्यालाही लागतो, म्हणून तर माटुंग्याच्या शाळेचे नाव डॉन बॉस्को. ते बॉस्को एकोणिसाव्या शतकातले धर्मगुरू. पोर्तुगिजांत पुरुषाला ‘दों’ आणि बाईला ‘दोना’, पणजीजवळचे दोना पावला त्यातले. या सगळ्यांचे मूळ लॅटिन ‘दोमिनुस’, म्हणजे धनी, आणि त्याच्या पोटात ‘दोमुस’, म्हणजे घर. वैदिक संस्कृतात याच घराण्यातला ‘दम्’ आहे. ‘दंपती’चा जुना अर्थ घराचा धनी, नवराबायको हा अर्थ नंतरचा. डॉन आणि दांपत्य ही लांबची भावंडे, आणि दोघांकडेही शेवटी घरचे ऐकावे लागते.

वापराचा एक बारकावा असा की पाद्री सोडले तर इटालियनमध्ये डॉन पहिल्या नावाआधी लागतो, आडनावाआधी नाही. ‘गॉडफादर’मधला वितो कोर्लिओने घ्या: ‘डॉन वितो’ बरोबर, ‘डॉन कोर्लिओने’ ही अमेरिकेतली सवय. आपल्या ‘राव’ आणि ‘पंत’सारखेच: गोविंदराव असतात, कुलकर्णीराव नसतात. म्हणून ‘डॉन टोनी’ लिहा, ‘डॉन डि'अमिको’ नको.

पण सगळीकडे एकच शब्द कशाला? बातम्या देणारा केंट ब्रॉकमन ‘टोळीचा म्होरक्या’ म्हणेल, गावकरी ‘डॉन’ म्हणतील. लेग्ज आणि लुई काय म्हणतील? मुंबईत अशा माणसाला नात्यात घ्यायची रीत आहे. दादा, भाई, आणि दगडी चाळीत तर ‘डॅडी’. दादापासून दादागिरी झाली, तिची शेपटी मुलूखगिरीसारखीच फारसी. मी तरी ‘शेठ’ घेईन. ‘टोनीशेठ, माल आलाय.’ शेठ मुळात श्रेष्ठी, सचोटीचा व्यापारी, आणि टोनीचा सगळा आव तोच आहे. त्याच्या अड्ड्यावरची पाटी पाहिलीत ना? आम्ही कायद्याने धंदा करणारी माणसे असून इथे फक्त गप्पा मारायला जमतो, असे ती न विचारता सांगते. ती पाटी शब्दशः उतरवू नका. ‘श्री सचोटी व्यापारी मित्रमंडळ, रजि.’ असे लिहा. त्या ‘रजि.’वर कुठल्याही गावातला मराठी माणूस हसेल.

आणि ‘जाड्या’ फेकून देऊ नका. तो बार्टसाठी ठेवा, तोही टोनी खोलीबाहेर गेल्यावर.