वाचकांचे प्रश्न : बाई आंदोलनाला गेल्या, तर मुलींनी काय करायचं?

गेल्या अंकात दहावीनंतरच्या वाटांवर लिहिलं होतं, पण त्यावर आलेल्या निम्म्याहून जास्त पत्रांत विषय निघाला तो शाळेतल्या आंदोलनाचा. काळ्या फिती, बहिष्कार, रिकामे तास. माझं सारं आयुष्य मुलींच्या माध्यमिक शाळेत गेलं, आधी शिक्षिका म्हणून आणि मग मुख्याध्यापिका म्हणून. त्यामुळे या वेळची सगळी जागा याच पत्रांना दिली आहे. लिहिणाऱ्यांची नावं त्यांच्याच इच्छेवरून गाळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी तालुक्याच्या गावी मुलींच्या शाळेत नववीत आहे. महिना झाला, शिक्षक काळ्या फिती लावून येतात, ऑनलाइन माहिती भरायची नाही म्हणतात, काही मॅडम मुंबईला आझाद मैदानात जाऊन बसल्यात. रोज दोन-तीन तास ऑफ जातात. मी सूतगिरणीत काम करतो, हातात बारा हजार पडतात. यांना सत्तर-ऐंशी हजार मिळूनही पुरत नाही का? आम्हा काही पालकांचं म्हणणं आहे की शाळेला सरळ कुलूप ठोकावं, म्हणजे अधिकारी धावत येतील. (एक वडील, सोलापूर जिल्हा)

उत्तर : दादा, बारा हजारांत घर चालवून मुलीला शिकवताय, तुम्हाला राग येणारच. पण एकदा मधल्या सुट्टीत त्या शाळेच्या शिक्षकखोलीत जाऊन बघा. एकाच टेबलाभोवती डबे उघडून बसलेल्या बायकांचे पगार पाच तऱ्हेचे असतात.

एक असते १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेली. तिला पूर्ण पगार आणि निवृत्तीनंतर जुनी पेन्शन. तुम्ही म्हणता ते सत्तर-ऐंशी हजार किंवा त्याहून जास्त हिचे, आणि अशा आता थोड्याच उरल्यात. तिच्या शेजारची नंतर लागलेली. काम तेच, वेतनश्रेणी तीच, पण जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ मध्ये १४ ते २० तारखेपर्यंत राज्यभर संप झाला तो याच कारणावरून, आणि तेव्हा दहावीची बोर्डाची परीक्षा चालू होती. तिसरी शिक्षणसेविका. तिला पहिली तीन वर्षं पगार नाही, मानधन. माध्यमिकला हे मानधन २०२३ पर्यंत महिना आठ हजार होतं, आता अठरा हजार आहे. म्हणजे अगदी परवापरवापर्यंत बी.एड. झालेली बाई तुमच्यापेक्षा कमी पैशांत तुमच्या मुलीला बीजगणित शिकवत होती. चौथी टप्पा अनुदानावरची, म्हणजे जिच्या पगाराचे पैसे शासन टप्प्याटप्प्याने वाढवत देतं, तिच्याबद्दल पुढे सांगते. पाचवी तासिकेवरची. तास घेतला तर पैसे, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही.

टप्पा अनुदानाचं दुखणं फार जुनं आहे. २००१ मध्ये शासनाने ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर शाळा आणि तुकड्या द्यायला सुरुवात केली. त्यातला ‘कायम’ शब्द २००९ मध्ये काढला, पण पहिलं वीस टक्के अनुदान हातात यायला २०१६ उजाडलं. मधली वर्षं या शिक्षकांनी संस्था देईल त्यावर काढली, कित्येकांना तेही मिळालं नाही. पुढचा प्रत्येक टप्पा आझाद मैदानात बसूनच मिळवावा लागला. जुलै २०२५ मध्ये भर पावसात हे लोक तिथे बसले होते ते टप्पावाढीसाठीच. चाळीस टक्के अनुदान म्हणजे काम शंभर टक्के आणि पगार चाळीस टक्के.

आमच्या शाळेत अशाच तुकडीवर विज्ञानाच्या एक बाई होत्या. संध्याकाळी घरी साड्यांना फॉल-पिको करायच्या. दहावीच्या मुलीच आईची साडी पिशवीत घालून त्यांच्याकडे न्यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बाई त्याच मुलींना प्रकाशाचं अपवर्तन शिकवायच्या. अतिशय उत्तम शिकवायच्या. शेवटी त्यांनी नोकरी सोडली आणि मशीन वाढवलं. त्यांच्या जागी वर्षभर कुणी मिळालं नाही, विज्ञानाचे तास मराठीच्या बाईंनी ओढले. पगाराचा प्रश्न मुलींपर्यंत पोचतो तो असा. म्हणून ‘शिक्षकांची भांडणं त्यांनी बघावीत’ असं मी कधीच म्हणणार नाही.

आता ऑनलाइन माहितीचं. ती भरत नाहीत म्हणून तुम्हाला वाटतं की आळस आहे. तर ऐका. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेत ठरतं. संचमान्यतेत मोजली जाते पटावरची मुलगी, आणि तीही जिचं आधार पडताळणीत वैध निघालं तीच. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने पटाचे निकष आणखी कडक केले. आता होतं काय, की एखाद्या मुलीचं नाव जनरल रजिस्टरात दीर्घ वेलांटीने आणि आधारवर ऱ्हस्व, किंवा जन्मतारखेचं वर्ष वेगळं. ती रोज बाकावर बसलेली असते, हजेरीत ‘हजर’ म्हणते, पण पोर्टलवर ती नसतेच. अशा आठ-दहा मुली निघाल्या तर एखाद्या शाळेत एक पदच धोक्यात येतं. मग वर्गशिक्षिका तास सोडून मोबाइलवर त्या मुलींचे कागद जुळवत बसते. त्यावर यू-डायस (शाळेची माहिती भरायचं सरकारी पोर्टल), सर्वेक्षणं, मतदारयाद्या, आणि दर आठवड्याला ‘आजच संध्याकाळी पाचपर्यंत’ मागवलेली कसली तरी माहिती. हे सगळं तुमच्या मुलीच्या तासातून वजा होतं. बहिष्कार आहे तो या कामांवर. शिकवण्यावर नाही.

कुलूप मात्र ठोकू नका, हात जोडून सांगते. मुलांची शाळा बंद पडली की पोरं मैदानावर जातात. मुलींची शाळा बंद पडली की मुली स्वयंपाकघरात जातात, नाहीतर शेतात, नाहीतर लहान भावंडांमागे. आठवडाभर घरी थांबलेली नववीतली मुलगी घराला इतकी सोयीची होते, की तिला परत पाठवताना घर का-कू करायला लागतं. मी हे पुन्हापुन्हा पाहिलंय. आणि ‘नाहीतरी शाळा बंदच आहे’ या चार शब्दांवर पाहुणे बघायला आलेलेही पाहिलेत.

तुमच्या हातात यापेक्षा चांगलं शस्त्र आहे. पालक-शिक्षक संघाची सभा मागा. किती पदं मंजूर आहेत, किती रिकामी आहेत, कोणत्या विषयाला शिक्षक नाही, हे मुख्याध्यापकांना विचारा. ते आकडे घालून शिक्षणाधिकाऱ्यांना पालकांच्या सह्यांचं निवेदन द्या आणि पोच घ्या. शिक्षकांचं निवेदन आलं की कार्यालय म्हणतं पगारासाठी ओरडतायत. शंभर आयाबापांनी ‘आमच्या मुलींना गणिताला शिक्षक द्या’ असं लिहिलं तर तसं म्हणता येत नाही. आणि घरी गेल्यावर मुलीचं आधार कार्ड शाळेच्या दाखल्याशी ताडून बघा. चूक असेल तर या आठवड्यातच दुरुस्तीला टाका. बाईंचं तेवढंच ओझं हलकं होईल.

प्रश्न : मी चाळीस टक्के अनुदानावर नववी-दहावीला गणित शिकवते. संघटनेने मुंबईला बोलावलंय. मुख्याध्यापिका म्हणतात, ‘तुम्ही गेलात तर मुलींचं नुकसान, शिक्षकी पेशा हा त्याग आहे.’ दहावीच्या मुलींनी विचारलं, ‘मॅडम, तुम्ही परत येणार ना?’ तेव्हापासून झोप नाही. त्यात मतदारयादीचं बीएलओचं (मतदान केंद्राच्या यादीवरच्या अधिकाऱ्याचं) काम आलंय, शाळा सुटल्यावर दारोदार फिरते. (एक शिक्षिका, मराठवाडा)

उत्तर : ताई, जा. अपराधी वाटून न घेता जा.

त्यागाचं भाषण मी फार ऐकलंय. दर ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घालून तेच भाषण होतं, आणि ते ऐकणाऱ्या बायांमध्ये चाळीस टक्के पगारावरच्याही बसलेल्या असतात. सावित्रीबाईंनी मुलींना शिकवलं ते बायकांनी आपल्या पायावर उभं राहावं म्हणून. तुमच्या वर्गातल्या तीस-चाळीस मुलींना शिकून नोकरी करणारी बाई रोज डोळ्यांसमोर दिसते, ती तुम्हीच. शिकूनही हातात काही पडत नाही असं त्यांना तुमच्याकडे बघून वाटलं, तर ते नुकसान कोणत्या जादा तासाने भरून काढणार?

जाताना मात्र काही गोष्टी चोख करा. रजेचा अर्ज लेखी द्या, त्याची प्रत जवळ ठेवा. धडा कुठवर झालाय हे वर्गाच्या वहीत लिहा आणि दहावीच्या मुलींना सोडवायला उदाहरणं देऊन ठेवा. आणि मुलींना खरं सांगा: मी कुठे जाते, कशासाठी जाते, केव्हा येणार. पंधरा वर्षांच्या मुलीला पगार कळतो. तिच्या घरी रोज त्याचीच चर्चा असते.

दोन गोष्टींना मात्र माझा ठाम विरोध आहे आणि संघटनेच्या बैठकीतही मी तो बोलून दाखवत आले. मुलींना मोर्चात न्यायचं नाही, त्यांच्या दंडाला फिती बांधायच्या नाहीत. त्यांच्या आईबापांचा तुमच्यावर विश्वास आहे तो शाळेपुरता. दुसरं म्हणजे दहावीचे फॉर्म, प्रात्यक्षिकं, अंतर्गत गुण यांना हात लावायचा नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये कनिष्ठ महाविद्यालयांच्या शिक्षकांनी बारावीच्या उत्तरपत्रिका तपासणीवर बहिष्कार टाकला होता. त्यांच्या मागण्या मला पटत होत्या, मार्ग पटला नाही. ज्या घरात मुलीला एकदाच परीक्षेची संधी मिळते, तिथे निकाल लांबला तर पुढच्या प्रवेशाचं दार लागूनही जाऊ शकतं.

बीएलओचं काम. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही तीन कामं सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. मतदारयादी निवडणुकीत धरली जाते, म्हणून सरसकट नकार टिकणार नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये स्पष्ट सांगितलंय, की हे काम शिक्षकांना सुट्टीच्या आणि बिनशिकवण्याच्या दिवशी द्यावं, शिकवण्याच्या दिवशी शाळेच्या वेळात सहसा देऊ नये. तहसील कार्यालयाला अर्ज कराल तेव्हा हा आधार घ्या. २०२४ मध्ये राज्य शासनाने शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारी केली, तिचाही उल्लेख करा. आणि अंधार पडल्यावर एकटीने दारोदार फिरू नका. बाई माणसाला अनोळखी वस्तीत संध्याकाळी सातला पाठवणं बरोबर नाही हे अर्जात स्वच्छ लिहा, लाजू नका. असे अर्ज एकेकटीने देण्यापेक्षा शाळेतल्या सगळ्याजणींनी मिळून दिले तर वजन पडतं.

प्रश्न : मी दहावीत आहे. आमच्या शाळेत सध्या दिवसाला तीनच तास होतात. आई म्हणते, शिकवतच नाहीत तर तिथे बसून काय करतेस, कांदा काढायला चल. दादाचा क्लास मात्र चालू आहे. मला शाळेत जायचंय. आईला काय सांगू? (एक विद्यार्थिनी, नाशिक जिल्हा)

उत्तर : बाळ, आधी तुझ्या आईशी बोलते, तू हे तिला वाचून दाखव.

ताई, कांदा काढायला बाई मिळत नाही, मजुरी परवडत नाही, हे मला माहीत आहे. तरी पोरीला पाठवा. एसटीचा पास मुलींना बारावीपर्यंत फुकट आहे, तो वाया घालवू नका. तीन तास तर तीन तास. त्यातला एक गणिताचा असेल तर तो शेतातल्या दिवसापेक्षा महाग आहे. अगदीच नड असेल तर रविवारी न्या, आणि त्या दिवशी दादालाही बरोबर घ्या.

आता तू. रिकाम्या तासाला वर्गात गप्पा मारत बसू नका. तुम्ही चौघीपाचजणी मिळून मुख्याध्यापकांकडे जा आणि ग्रंथालयाची किल्ली मागा. गेल्या पाच वर्षांच्या बोर्डाच्या प्रश्नपत्रिका शाळेत असतात, त्या काढून घ्या. जिला भूमिती येते तिने फळ्यावर प्रमेय सोडवायचं, बाकीच्यांनी अडवून प्रश्न विचारायचे. आमच्या शाळेत संपाच्या दिवसांत मुली असंच करायच्या, आणि फळ्यावर शिकवणाऱ्या मुलीचंच गणित सगळ्यांत पक्कं व्हायचं. अडलेली उदाहरणं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव, मॅडम आल्या की पहिल्या दिवशी तीच विचार.

आणखी एक, हे फक्त तुझ्यासाठी. घरात लग्नाचं बोलणं निघालं तर गप्प बसू नकोस. २०२२ पासून प्रत्येक शाळेत ‘सखी सावित्री’ समिती असायला हवी असा शासनाचा निर्णय आहे, बालविवाह थांबवणं हे तिचं कामच आहे. तुझा विश्वास असेल त्या बाईंना सांग. आंदोलनात असल्या तरी त्या ऐकतील. कुणीच नसेल तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर कोणत्याही फोनवरून मोफत लागतो.

प्रश्न : नात सातवीत आहे. बुडालेले तास भरून मिळतात का? एका शिक्षकाने पैसे घेऊन जादा वर्ग घेतो म्हटलंय. (एक आजोबा, सातारा)

उत्तर : आजोबा, सहावी ते आठवीला वर्षाचे किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन झालंच पाहिजे, असं शिक्षण हक्क कायद्यात आहे. आंदोलन मिटलं की भरपाईचं वेळापत्रक मुख्याध्यापकांकडून लेखी मागा. ते रविवारचं असेल किंवा शाळेआधीच्या तासाचं, पण फुकटच असायला हवं. आणि पैसे घेऊन वर्ग घेण्याबद्दल म्हणाल, तर त्याच कायद्याचं कलम २८ शिक्षकांना खाजगी शिकवणी घ्यायला मनाई करतं. त्या शिक्षकांना आधी तुम्हीच नीट सांगा. ऐकलं नाही तर मुख्याध्यापकांना भेटा.