दिवाणखान्यातील संगणक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा हॉल साधारण 10 बाय 15 फुटांचा असून तेथे नुकताच 55 इंची 4के टीव्ही बसवला आहे. वडिलांनी जमवलेल्या जुन्या मराठी चित्रपटांच्या व नाटकांच्या दीडशेच्या आसपास डिस्क कपाटात आहेत; शिवाय दोन जुन्या हार्डडिस्कवर घरगुती व्हिडिओ आहेत. हे सगळे टीव्हीवर एका ठिकाणी पाहता यावे म्हणून संगणक जुळवायचा विचार आहे. लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानदाराने आय-7 प्रोसेसर, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड आणि 650 वॅटचा पॉवर सप्लाय अशी यादी करून दिली आहे. एवढे खरोखर लागते का? – एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : लागत नाही. दुकानदाराची यादी वाईट नाही, परंतु ती गेम खेळणाऱ्या मुलासाठी आहे, वडिलांच्या नाटकांसाठी नाही. व्हिडिओ उलगडण्याचे काम आजच्या चिपमध्ये मुख्य प्रोसेसर करतच नाही. त्यासाठी चिपच्या आत एक स्वतंत्र भाग राखून ठेवलेला असतो, आणि तो भाग व्हिडिओ साठवण्याचे कोणकोणते साचे (फॉरमॅट) ओळखतो एवढेच आपल्याला पाहायचे असते. 2003 मधील एच.264, 2013 मधील एचईव्हीसी आणि 2018 मधील एव्ही1 हे तीन साचे ओळखणारी चिप मिळाली की काम झाले. इंटेलच्या 7व्या पिढीपासून 10-बिट, म्हणजे अधिक रंगछटांच्या, एचईव्हीसीची सोय आहे आणि 11व्या पिढीपासून एव्ही1चीही. 2023 मध्ये आलेली एन100 ही अवघी 6 वॅटची चिपसुद्धा तिन्ही साचे सहज पेलते. ती बसवलेले, पोळीच्या डब्याएवढे तयार मिनी पीसी बाजारात मिळतात. 8 जीबी रॅम आणि 256 जीबीची एसएसडी यापलीकडे त्यात काही घालण्याची गरज नाही.

मी या लहान डब्याच्या बाजूने आहे ते केवळ पैशांसाठी नव्हे. साधारण 2011 साली मी स्वतः हॉलसाठी मोठ्या कॅबिनेटमध्ये, ग्राफिक्स कार्डासकट, मोठ्या हौसेने संगणक जुळवला होता. पहिल्याच रात्री आईने विचारले, ‘‘ही गिरणी रात्रभर चालणार का?’’ मुंबईत खिडकीबाहेर लोकल आणि रिक्षा असतातच, मग एका पंख्याने काय बिघडते असे वाटेल. पण बाहेरचा आवाज येतो आणि जातो, पंख्याची घरघर मात्र थांबत नाही. नाटकात नट दोन वाक्यांच्या मध्ये श्वास घेतो, त्या जागी नेमकी तीच ऐकू येते. पंखाच नसलेला मिनी पीसी मिळत असेल तर तो घ्यावा. नसेल, तर दुकानात तो 15 मिनिटे चालू ठेवून कान लावून पाहावा.

फिरणारी हार्डडिस्कही याच कारणासाठी हॉलमध्ये ठेवू नये. राउटरजवळ, आतल्या खोलीत किंवा माळ्याखाली ती ठेवून तेथून कॅट-6 ही नेटवर्कची वायर हॉलपर्यंत ओढावी. जाड भिंतींच्या घरात वाय-फाय मधेच दगा देते, वायर देत नाही. जागेचा हिशेब सोपा आहे : दुहेरी थराच्या डीव्हीडीत जास्तीत जास्त 8.5 जीबी मावते, म्हणजे 150 डिस्कना 1,275 जीबी. 2 टीबीची डिस्क पुरेशी आहे, मात्र तशा दोन घ्याव्यात आणि दुसरीवर प्रत ठेवून ती कपाटात बंद करावी. घरगुती व्हिडिओ पुन्हा कोणत्याही दुकानात मिळणार नाहीत.

वडिलांच्या संग्रहातील किती डिस्क डीव्हीडी आहेत आणि किती व्हीसीडी, हे आधी वेगळे करून पाहावे, कारण मराठी नाटके आपल्याकडे बरीच वर्षे व्हीसीडीवरच निघत होती. व्हीसीडीचे चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचे असते आणि आपला टीव्ही 3840 बाय 2160 ठिपक्यांचा. म्हणजे मूळच्या एका ठिपक्यातून पडद्यावर 80हून अधिक ठिपके भरायचे. कितीही महागडा प्रोसेसर त्यात नसलेले तपशील आणू शकत नाही. अशी नाटके पडदाभर न ताणता मधल्या लहान चौकटीत पाहिली तर डोळ्यांना सुसह्य होतात. यूएसबीवर चालणारा साधा डीव्हीडी ड्राइव्ह दोन्ही प्रकारच्या डिस्क वाचतो.

संग्रह टीव्हीवर मांडून दाखवणारे सॉफ्टवेअर म्हणून कोडी घ्यावे. ते मोफत असून 2014 पर्यंत एक्सबीएमसी या नावाने ओळखले जात असे. विंडोजऐवजी लिब्रइलेक ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली घातली तर संगणक सुरू होताच थेट कोडीच उघडते, विंडोजच्या अपडेटची सूचना चित्रपटाच्या ऐन रंगात समोर येत नाही. कोडी चित्रपटाची माहिती फाइलच्या नावावरून शोधते, म्हणून नावापुढे कंसात प्रदर्शनाचे वर्ष लिहावे, अन्यथा एकाच नावाच्या दोन चित्रपटांची माहिती अदलाबदल होते. मराठी उपशीर्षकांची फाइल यूटीएफ-8 या, देवनागरी अक्षरे सांभाळणाऱ्या, संकेतपद्धतीत जतन केलेली असावी. ‘श्री’, ‘ज्ञ’, ‘र्‍या’ ही जोडाक्षरे नीट उमटतात का, हे वडिलांना बसवण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे.

ओटीटीची ॲप मात्र या संगणकावर आणण्याचा हट्ट धरू नये. संगणकावर 4के दाखवण्यासाठी या सेवांच्या अटी कडक असतात, ठराविक ब्राउझर किंवा ठराविक ॲपच लागते, आणि लिनक्सवर तर चित्राचा दर्जा बराच खाली येतो. आपल्या टीव्हीत ती ॲप आधीच आहेत. ती तेथेच राहू द्यावीत आणि संगणकाकडे फक्त घरचा संग्रह द्यावा.

आता रिमोट. घरोघरी असे संगणक अडगळीत जातात ते याच्यापायी. टीव्हीचा रिमोट एचडीएमआय वायरीतूनच दुसऱ्या यंत्राला हुकूम देऊ शकतो, या सोयीला सीईसी म्हणतात. पण बहुतेक संगणकांच्या एचडीएमआयमध्ये ती नसते. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकात ती आहे, आणि केवळ रिमोटसाठी कोणी तो निवडला तर मी त्याला चुकीचे म्हणणार नाही. मिनी पीसीच घ्यायचा असेल तर यूएसबीला लागणारा इन्फ्रारेड रिसीव्हर आणि 10-12 बटणांचा साधा रिमोट घ्यावा. टचपॅडचा कीबोर्ड आपल्यासाठी ठीक आहे. वडिलांच्या हातात तो देऊन आपण कामावर निघून गेलात, तर दुपारी फोन येणारच.

वाचलेल्या पैशांतून दोन चांगले स्पीकर घ्यावेत. कृष्णधवल काळातील चित्रपटांचा ध्वनी एकपदरी, म्हणजे मोनो असतो. त्याला पाच स्पीकरांतून वाटण्यात हशील नाही. शिवाय 10 फूट रुंद हॉलमध्ये सबवूफर ठेवला, तर त्याचा आनंद खालच्या मजल्यालाच अधिक होतो. खरेदी लॅमिंग्टन रोडवर करावी की घरबसल्या, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. जीएसटीचे बिल आणि त्यावर यंत्राचा अनुक्रमांक मात्र दोन्हीकडे मागून घ्यावा.

प्रश्न : मिनी पीसी घेतला, चित्र सुरेख दिसते, परंतु कॅमेरा एका बाजूने दुसरीकडे सावकाश वळतो तेव्हा चित्र अडखळत जाते. ग्राफिक्स कमी पडत आहे का? – एक वाचक, दादर

उत्तर : ग्राफिक्स कमी पडत नाही, गणित जुळत नाही. चित्रपट सेकंदाला 24 चित्रांचा असतो आणि आपला पडदा 60 वेळा नूतन होतो. 60ला 24ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक चित्र दोनदा आणि पुढचे तीनदा अशी आलटून-पालटून मांडणी करावी लागते. संवाद चालू असताना हे कळत नाही; कॅमेरा डोंगरावरून किंवा गर्दीवरून फिरू लागला की लंगडणे उघडे पडते. कोडीच्या सेटिंगमध्ये प्लेअर विभागात पडद्याचा वेग चित्राप्रमाणे बदलण्याचा पर्याय आहे, तो ‘सुरू करताना व थांबताना’ असा ठेवावा. मग चित्रपटाला टीव्ही स्वतः 24वर जाईल. भारतातील डीव्हीडी आणि दूरदर्शनवरून टिपलेले जुने कार्यक्रम सेकंदाला 25 चित्रांचे असल्याने त्यांना 50वर. बदल होताना पडदा दोन सेकंद काळा होतो, त्याने घाबरू नये. टीव्हीच्या स्वतःच्या मेनूत चित्र ‘गुळगुळीत’ करण्याची सोय असते, ती त्याच वेळी बंद करावी. तिच्यामुळे जुना चित्रपट मालिकेसारखा दिसू लागतो, आणि माझ्या मते तो दोष अडखळण्यापेक्षा मोठा आहे.

प्रश्न : काचेचे दार असलेल्या टीव्ही युनिटमध्ये संगणक ठेवला आहे. तास-दीड तासाने तो आपोआप बंद होतो. पावसाळ्यात एचडीएमआयच्या तोंडाशी हिरवट थरही आढळला. घर समुद्राजवळ आहे. – एक वाचिका, माहीम

उत्तर : पहिला दोष बहुधा काचेच्या दाराचा आहे. आतली गरम हवा बाहेर पडत नाही, चिप तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते. दार उघडे ठेवून एकदा पूर्ण चित्रपट पाहावा; संगणक टिकला तर सुताराला बोलावून युनिटच्या मागील प्लायला वरच्या बाजूस वीतभर रुंदीची खिडकी पाडून घ्यावी आणि यंत्रामागे तीन-चार इंच मोकळे सोडावेत.

हिरवा थर म्हणजे दमट, खाऱ्या हवेने गंजलेले तांबे. प्लग काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे. पावसाळ्यात संगणक आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नये, कारण रोज थोडा वेळ कोमट होणारे यंत्र दमट राहत नाही. 12 वॅटचे यंत्र चोवीस तास चालले तरी महिन्याला साडेआठ-नऊ युनिटच जाळते. एसी बंद करून लगेच खिडक्या उघडण्याची सवय असेल तर ती सोडावी. थंड धातूवर बाहेरची ओली हवा दव होऊन बसते. आणखी एक, आपण विचारले नाही तरी सांगतो : डब्याच्या धातूवर बोटाची मागची बाजू अलगद लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटत असेल, तर जुन्या इमारतीतील त्या प्लगला अर्थिंग नसण्याची शक्यता आहे. इलेक्ट्रिशियनने तपासेपर्यंत तो प्लग वापरू नये.

प्रश्न : सोनेरी मुलाम्याची महाग एचडीएमआय वायर घ्यावी का? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : नको. 4के चित्र सेकंदाला 60 वेळा दाखवण्यासाठी सेकंदाला 18 गिगाबिट माहिती वाहून नेणारी वायर लागते, आणि दोन मीटरपर्यंत प्रमाणित साधी वायर ते काम बिनतक्रार करते. एवढ्या अंतरात सोन्याने चित्र उजळत नाही. चित्र मधेच लुकलुकले, तर आधी वायरीची दोन्ही टोके अदलाबदल करून नीट बसवून पाहावीत.