जंगल बंद केलं, तर गावानं काय करावं

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. गावाच्या वरच्या अंगाला वनखात्यानं चर खणला, 'प्रवेश बंद'ची पाटी ठोकली, गुरं परत हाकलली आणि सरपणाला गेलेल्या बायकांच्या कुऱ्हाडी जप्त केल्या. वाचून मलाही संताप आला. तुझा राग रास्त आहे. पण 'बंदुकीशिवाय सरकारला ऐकू येत नाही' हे तुझं शेवटचं वाक्य मला मान्य नाही. त्यावरच लिहितो.

आधी तुझ्या बाजूचं. गडचिरोलीत तेंदूपत्त्याची (विडीच्या पानांची) मजुरी वाढली ती दलमच्या, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकडीच्या धाकानं, असं त्या काळातले लोक सांगतात. त्यात तथ्य आहे. ठेकेदाराची आणि नाकेदाराची (वनखात्याच्या शिपायाची) मुजोरीही तेव्हा उतरली. पण त्यानंतर? रात्री दलमला भाकरी दिली म्हणून सकाळी पोलीस उचलून न्यायचे, आणि चौकीतून सुटून आलेल्याला दलम खबऱ्या ठरवून मारायचं. दोन्ही बाजूंनी गावचीच पोरं मेली. इतकं होऊन जंगलाच्या हक्काचा कागद बंदुकीनं कुठल्याही गावाच्या हातात दिला नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये माओवादी संघटनेच्या वरच्या फळीतल्या भूपतीनं गडचिरोलीतच साथीदारांसह हत्यारं खाली ठेवली. ज्या गावांनी सोसलं, त्यांना आधी कुणी विचारलं नव्हतं, तेव्हाही विचारलं नाही.

माझा मुख्य आक्षेप हाच आहे. हत्यार हातात आलं की लढा लपून करावा लागतो, आणि लपून करायच्या गोष्टी ग्रामसभेत ठरत नाहीत. चार जण ठरवतात, बाकीचं गाव भोगतं. तुमच्या पाड्यावरची म्हातारी, जिला मोहाचं झाड न् झाड माहीत आहे, तिला त्या लढ्यात जागाच उरत नाही. जंगलावर खरा हक्क तर तिचाच आहे.

त्याच गडचिरोलीत, धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) हे गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. गावचे पुढारी देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत काम करणारे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांचं नाव तू ऐकलं असशील, पण त्या गावाची खरी ताकद सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसून राहण्यात होती. अभ्यास गट करून ते कायदा वाचायचे. २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी बांबू बाहेर न्यायला वाहतूक परवाना मिळेना. शेवटी एप्रिल २०११मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री आणि मुख्यमंत्री गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. वेळ लागला, हे मी लपवत नाही. पण जे मिळालं ते गावाला मिळालं.

शांततेनं लढायचं म्हणजे निवेदन देऊन घरी बसायचं, असं समजू नकोस. १९३०चा जंगल सत्याग्रह आठव. इंग्रजांनी राखीव जंगलं करून चराई, लाकूडफाटा, सगळ्यावर बंदी आणली होती. १० जुलैला पुसदला लोकनायक अणे यांनी दिवसाढवळ्या, आधी जाहीर करून गवत कापलं आणि अटक करून घेतली. कायदा मोडला, पण नाव-गाव सांगून मोडला. २५ सप्टेंबरला उरणजवळ चिरनेरला गोळीबार झाला, आठ सत्याग्रही गेले. त्यात नाग्या कातकरी होता. शांत राहिलं की गोळी लागत नाही, अशी हमी मी तुला देणार नाही. तुझ्या आईला मी तसं सांगूही शकणार नाही.

आता कामाचं. वनहक्क कायदा २००६चा आहे. चराई, गौण वनोपज (तेंदूपत्ता, मोह, बांबू असं लाकडाखेरीजचं) आणि गावानं राखलेल्या जंगलाचं व्यवस्थापन, हे तिन्ही हक्क त्याच्या कलम ३मध्ये आहेत. ते ठरवण्याची सुरुवात ग्रामसभेनं करायची असते. त्या सभेला किमान निम्मे सभासद लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात. ही अट नुसती कागदावर पुरी करू नका. सही-अंगठे घरोघर फिरून गोळा केले की पुढं गावाचा दावा तपासणाऱ्या उपविभागीय समितीत कुणीतरी विचारतंच, 'सभा कुठं झाली?'

म्हाताऱ्या माणसांना घेऊन गावाची शीव फिरा. कुठला नाला, कुठला देव, कोणत्या खडकापाशी पलीकडच्या गावाची हद्द लागते, ते बोलतील तसं लिहून घ्या. त्यांचा जबाब हा नियमांप्रमाणे पुरावा आहे. निस्तार पत्रक, म्हणजे जंगल वापरण्याच्या गावाच्या जुन्या हक्कांची नोंद, तहसिलीतून काढा. फोनवर जीपीएस लावून नकाशा काढणारी पोरं तुमच्यात असतीलच. शेजारच्या गावाला आधी कळवा, नाहीतर सरकारशी भांडायच्या आधी आपसांतच जुंपेल. दावा दाखल करताना पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलायचं नाही.

आणि दावा चालू असताना गुरं न्यायची. सगळ्यांनी मिळून, दिवसा, ग्रामसभेचा ठराव खिशात ठेवून. कुऱ्हाड जप्त केली तर जप्तीची पावती मागायची, पंचनाम्याची प्रत मागायची, एकानं बाजूला उभं राहून व्हिडिओ काढायचा. वनरक्षक बहुतेक वेळा आपल्यासारख्याच घरातला, वरच्या हुकमावर आलेला असतो. त्याला शिवी नाही, दगड तर नाहीच. एक दगड गेला की चराईचा प्रश्न मागं पडतो, 'शासकीय कामात अडथळा' पुढं येतो आणि पोरं वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा मारत बसतात.

तुझ्यासारख्या तापलेल्या पोराला हे सगळं मंद वाटेल. वाटू दे. पण तुझ्या बरोबरीच्या ज्या दोघा-तिघांची नावं न लिहिता तू उल्लेख केलास, त्यांना हे पत्र वाचून दाखव. ते एकटे पडले तर वाट चुकतील. त्यांना नकाशाच्या कामाला लाव.

ग्रामसभेची तारीख ठरली की कळव. मी आदल्या दिवशी मुक्कामाला येतो. सभेत मात्र मी मागं बसेन, बोलायचं तुम्ही. येताना कोऱ्या दावा अर्जांच्या प्रती आणतो, रजिस्टर तेवढं तुम्ही घेऊन ठेवा. चांगलं जाड, पुठ्ठ्याच्या बांधणीचं.

तुझा,
काका