३०० विजय नसलेल्या पिचरला हॉल ऑफ फेममध्ये घ्यावे का?

बेसबॉलच्या महान खेळाडूंच्या या सन्मान-यादीत त्याला अवश्य घ्यावे. आपण विचारलेला ३०० विजयांचा निकष मी सर्वांत शेवटी पाहतो. विजय पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, नावावर लिहिला जात असला, तरी त्यासाठी लागणाऱ्या धावा त्याचे सहकारी काढत असतात. २०१८ मध्ये जेकब डीग्रॉमने, क्षेत्ररक्षकांच्या चुका वगळता, दर नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, केवळ १.७० धावा दिल्या, तरीही त्याच्या खात्यात १० विजय आणि ९ पराभव जमा झाले.

या निकषाने सर्वांत मोठा अन्याय पिचर जोहान सांतानावर केला, असे माझे ठाम मत आहे. कोपराच्या संधिवातामुळे पिचर सँडी कूफॅक्स तिसाव्या वर्षी निवृत्त झाला तेव्हा त्याचे विजय १६५ होते, आणि १९७२ मध्ये पत्रकारांनी पहिल्याच मतदानात त्याला निवडले, हे योग्यच झाले. १३९ विजय मिळवलेल्या सांतानाला मात्र २०१८ मध्ये अवघी १० मते पडली. प्रवेशासाठी ७५ टक्के आणि यादीत टिकण्यासाठी ५ टक्के मते लागत असल्याने त्याचे नाव पहिल्याच वर्षी गळाले. दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची कूफॅक्सची सरासरी २.७६, सांतानाची ३.२० हे खरे. परंतु काळ आणि मैदान यांचा फरक जमेस धरणाऱ्या ज्या मोजमापात १०० म्हणजे साधारण पिचर आणि त्याहून जास्त म्हणजे सरस, त्यात कूफॅक्स १३१ वर आणि सांताना १३६ वर आहे. कूफॅक्सने सुमारे ३०० इनिंग अधिक टाकल्या आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम लढतीही गाजवल्या, म्हणून मी त्याला वरचढ मानतो, पण दोघांतील अंतर इतके मोठे खचितच नाही.

वर्षातील सर्वोत्तम पिचरला दिला जाणारा साय यंग पुरस्कार २००४ आणि २००६ मध्ये सांतानाला मिळाला. मधल्या वर्षी तो पुरस्कार २१ विजयांच्या जोरावर बार्तोलो कोलोनकडे गेला, ज्याची सरासरी ३.४८ होती; सांतानाची होती २.८७, विजय १६. तोही मिळाला असता, तर सलग तीन पुरस्कार मिळवणाऱ्याला दहा मतांवर कोणी सोडले असते का?

सांतानाचा चेंजअप, म्हणजे फसवा संथ चेंडू, पाहिलेला माणूस आकडे मागत नाही. हात फास्टबॉलच्या, म्हणजे वेगवान चेंडूच्याच, वेगाने फिरायचा, चेंडू मागे रेंगाळायचा आणि बॅट आधीच फिरून गेलेली असायची. खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर, १ जून २०१२ रोजी, १३४ चेंडू टाकून त्याने न्यूयॉर्कच्या मेट्स संघाच्या इतिहासातील पहिला नो-हिटर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला एकही हिट न देणारा सामना, पूर्ण केला, तोही चेंजअपवरच. त्याच ऑगस्टनंतर तो मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, पुन्हा खेळला नाही.

पत्रकारांनी नाकारलेल्या पिचर जॅक मॉरिसला, सरासरी ३.९० असूनही, जुन्या खेळाडूंचा फेरविचार करणाऱ्या समितीने निवडले आणि २०१८ मध्ये तो आत गेला. सांतानाचे नावही अशाच समितीच्या वाटेने पुढे यायला हवे.